बैठकीची सुरुवात : कुशल आणि विशेष



झाशीच्या जुन्या शहराच्या तटबंदीला दहा दरवाजे होते. खंडेराव, दतिया, उनाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर आणि झिरना ही त्यांची नावे. यांतील बरीच नावे वाट कोठे जाते एवढेच सांगतात. दतियाच्या दरवाजातून दतियाला जावे, ओरछाच्या दरवाजातून ओरछ्याला. खंडेराव हे नाव मात्र गावाचे नाही आणि मराठी माणसाच्या कानाला ते चटकन ओळखीचे वाटते. बुंदेलखंडातील एका शहराच्या वेशीवर असे नाव असावे यात फारसे आश्चर्य नाही. १७४२ मध्ये पेशव्यांनी नारो शंकर यांना झाशीच्या सुभेदारीवर नेमले. नाशिकच्या गोदाकाठावरील मंदिराच्या घंटेमुळे ज्यांचे नाव मराठी बोलण्यात टिकून राहिले, ते हेच नारो शंकर. पुढे झाशी नेवाळकर घराण्याकडे गेली आणि १८५३ मध्ये गंगाधररावांच्या निधनापर्यंत त्या घराण्याकडेच राहिली. शंभराहून अधिक वर्षे या दरवाजांमधून माणसे, बैलगाड्या आणि वसूल यांच्याबरोबरच मराठी पत्रेही ये-जा करीत होती.

या मराठी पत्रांचा एक ठरलेला घाट आहे. मायना संपला की एक वाक्य येते : येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. त्यानंतर एकच शब्द येतो : विशेष. या शब्दानंतर पत्राचा खरा मजकूर सुरू होतो. मग तो मजकूर स्वारीचा असो, वसुलीच्या ओढीचा असो, सावकाराच्या तगाद्याचा असो की घरातील आजारपणाचा. कुशल एका वाक्यात आटोपते, कारण वाचणाऱ्याला पुढे जायचे असते. तरीही ते वाक्य वगळले जात नाही, कारण त्याशिवाय पत्र हे पत्र राहत नाही, केवळ हुकूम किंवा तक्रार होते. ज्या लेखनिकांनी ही पद्धत रूढ केली त्यांना व्यवस्थापनशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु आज जगभरच्या कार्यालयांत, रुग्णालयांत आणि बचत गटांत बैठकीच्या आरंभी सर्वांची थोडक्यात विचारपूस करण्याची जी प्रथा दिसते, तिचे दोन्ही नियम या एका वाक्यात आणि एका शब्दात सामावले आहेत. सुरुवात प्रसन्न असावी आणि ती लवकर संपावी.

हा विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. बैठकीच्या पहिल्या पाच मिनिटांत काय बोलावे याचा विकासाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. त्याचे उत्तर एका मराठी कुळाच्या वंशजाने केलेल्या कामातून मिळते.

यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी हे गाव आहे. तेथील शेतकरी कुटुंबातील आत्माराम गावंडे वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेले. त्यांचे पुत्र अतुल गावंडे हेही शल्यचिकित्सक झाले. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रिया सुरक्षित करण्याचा जो प्रयत्न हाती घेतला, त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. २००८ मध्ये या प्रयत्नातून एकोणीस मुद्द्यांची एक तपासणी सूची तयार झाली. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर जाण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांवर संपूर्ण चमूने क्षणभर थांबून ती वाचायची. प्रतिजैविक दिले आहे का, शस्त्रक्रिया योग्य बाजूवर होत आहे का, असे तिच्यातील बहुतेक प्रश्न तांत्रिक आहेत. पण छेद घेण्यापूर्वीच्या टप्प्यात एक वेगळाच मुद्दा आहे : चमूतील प्रत्येकाने आपले नाव आणि आपली भूमिका मोठ्याने सांगितली आहे ना?

नाव सांगायला प्रत्येकाला काही सेकंद लागतात. त्याने काय साधते? गावंडे यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याची मीमांसा केली आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील निरीक्षणांचा आधार घेऊन ते सांगतात की, ज्या परिचारिकांना सुरुवातीलाच आपले नाव सांगण्याची आणि काही शंका असल्यास ती मांडण्याची संधी मिळाली, त्या पुढे अडचण दिसताच बोलण्याची शक्यता अधिक होती. एकदा तोंडातून शब्द निघाला की माणूस त्या कामात सहभागी होतो. जो सुरुवातीला गप्प राहिला तो धोका दिसल्यावरही पुष्कळदा गप्पच राहतो. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत या सूचीची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले होते आणि मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. हे सर्व श्रेय नाव सांगण्याला देता येणार नाही. सूचीत अठरा मुद्दे आणखी होते. तरीही शल्यचिकित्सकाच्या अधिकारापुढे दबून असणाऱ्या सर्वात कनिष्ठ माणसाचा आवाज पहिल्या मिनिटातच त्या खोलीत उमटतो, ही गोष्ट लहान नाही.

आता शस्त्रक्रियागृहातून गावाकडे येऊ. आपल्या देशात सर्वाधिक संख्येने होणाऱ्या औपचारिक बैठका मंत्रालयात होत नाहीत, त्या स्वयंसहाय्यता गटांत होतात. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, ही चळवळ गावोगाव नेली. २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू झाले; महाराष्ट्रात ते उमेद या नावाने ओळखले जाते. २०२४ पर्यंत देशभरात सुमारे ९० लाख गट आणि त्यांत १० कोटींहून अधिक ग्रामीण कुटुंबांतील महिला अशी या अभियानाची व्याप्ती झाली. झाशी येथे २०१९ मध्ये स्थापन झालेली बलिनी ही महिला दूध उत्पादकांची कंपनी याच अभियानाच्या आधाराने उभी राहिली. गटाच्या कामकाजाची पंचसूत्री परीक्षार्थींना पाठ असते : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशेब. यात बैठक पहिली आहे हे मात्र पुष्कळदा नजरेतून सुटते. बाकीच्या चारही सूत्रांचे व्यवहार बैठकीतच होतात.

गटाच्या बैठकीचा क्रमही ठरलेला असतो. सदस्या गोलाकार बसतात. प्रार्थना होते, नवे कोणी असल्यास ओळख होते, हजेरी घेतली जाते, मागील इतिवृत्त वाचले जाते आणि त्यानंतर बचतीची पेटी उघडते. हजेरी आणि इतिवृत्त यांच्या आसपास, कोणी सांगो वा न सांगो, ख्यालीखुशालीची एक फेरी होतेच. शेजारच्या चार घरांतील बाया आठवड्याने एकत्र बसल्या आणि एकमेकींना काहीच विचारले नाही, असे कसे होईल? प्रश्न ती फेरी असावी की नसावी हा नाही. ती किती वेळ चालावी आणि तिचा सूर कसा असावा, हा आहे.

वेळेचा हिशेब साधा आहे. गटात बारा सदस्या आहेत असे धरू. प्रत्येकीने अर्धा मिनिट घेतला तर सहा मिनिटे होतात, दोन मिनिटे घेतली तर चोवीस आणि पाच मिनिटे घेतली तर एक तास. बैठकीला आलेल्या सदस्येने चुलीवरचे काम, गुरांचे पाणी किंवा मजुरीचा अर्धा दिवस मागे ठेवलेला असतो. तिच्याजवळ तास-सव्वा तासापेक्षा अधिक वेळ नसतो. फेरी तासभर चालली तर कर्जाच्या मागणीवर चर्चा करायला वेळ उरत नाही. मग कर्ज कोणाला द्यावे हे अध्यक्ष, सचिव आणि त्यांच्या जवळच्या दोघी उभ्या उभ्या ठरवतात. म्हणजे आपुलकीच्या नावाखाली लांबलेल्या गप्पांची किंमत नेमकी तीच सदस्या मोजते जिची बाजू ऐकून घेणे आवश्यक होते. ९० लाख गटांपैकी प्रत्येकाच्या साप्ताहिक बैठकीतून केवळ दहा मिनिटे अशी वाया गेली असे मानले, तर आठवड्याला बैठकीचे १५ लाख तास होतात. ही आकडेमोड काल्पनिक आहे, पण मुद्दा काल्पनिक नाही.

येथे बचत गटातील महिलांनाच दोष देणे अन्यायाचे ठरेल. सुरुवात लांबवण्यात सुशिक्षितांचा हात कोणी धरू शकणार नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल आणि श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि त्या परिचयालाच उत्तर म्हणून पाहुण्यांनी केलेली प्रस्तावना, एवढे होईपर्यंत सभागृहातील निम्मी मंडळी घड्याळाकडे पाहू लागलेली असतात. जिल्हा कार्यालयांतील साप्ताहिक टी. एल. मीटिंग, म्हणजे कालमर्यादेतील पत्रांचा आढावा, ही खरे तर वेळेसाठीच जन्मलेली बैठक. पण तेथेही वरिष्ठांचे प्रारंभिक मनोगत अर्धा तास चालले तर तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्याच्या वाट्याला दोन वाक्ये येतात. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ मध्ये समित्यांची जी थट्टा केली ती याच जातीची आहे. त्याच्या कल्पनेतील समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवण्याच्या साडेतीनशे पौंडांच्या छपरावर पाऊण तास वाद घालते. जे सर्वांना कळते त्यावर सर्व जण बोलतात, आणि हवापाण्याइतके सर्वांना कळणारे दुसरे काय असते?

बोलण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. लष्करी न्यायालयात सदस्यांची मते घेताना सर्वात कनिष्ठापासून सुरुवात केली जाते, म्हणजे वरिष्ठाचे मत ऐकून कनिष्ठाने आपले मत बदलू नये. बैठकीच्या फेरीलाही हा नियम लागू करण्यासारखा आहे. वरिष्ठ शेवटी बोलले की दोन गोष्टी साधतात : कनिष्ठ मोकळेपणाने बोलतो आणि तोपर्यंत सर्वांनी थोडक्यात आटोपलेले असल्यामुळे वरिष्ठांनाही लांबण लावणे प्रशस्त वाटत नाही.

सुराचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका काल्पनिक व्यक्तीची सहा विशेषणे त्याने लोकांना वाचून दाखवली. काहींना बुद्धिमान आणि उद्योगी येथून सुरू होऊन हट्टी आणि मत्सरी येथे संपणारी, आणि काहींना तीच विशेषणे उलट्या क्रमाने. विशेषणे तीच असूनही ज्यांनी चांगली विशेषणे आधी ऐकली त्यांचे मत अधिक अनुकूल झाले. पहिल्या शब्दांचा रंग पुढच्या शब्दांवर चढतो. बैठकीचेही तसेच होते. पहिल्या सदस्येने पाणी आले नाही म्हणून सुरुवात केली की दुसरी विजेचे सांगते, तिसरी रेशन दुकानदाराचे, चौथी सुनेचे. यातील एकही तक्रार खोटी नसते. पण फेरी पूर्ण होईपर्यंत आपल्या हातात काहीच नाही ही भावना त्या गोलात पसरलेली असते, आणि नेमक्या त्याच मनःस्थितीत त्यांना पुढच्या वर्षाच्या शेळीपालनाचा निर्णय घ्यायचा असतो.

म्हणून अनुभवी सहयोगिनी कशी आहेस असे मोघम विचारत नाही. ती नेमके विचारते : मागच्या बैठकीपासून तुझ्याकडून कोणते एक काम पार पडले? उत्तर एका वाक्यात यावे अशी अपेक्षा असते. मुलीचा शाळेत दाखला झाला. बँकेचे पासबुक भरून आणले. कोंबड्यांना लस टोचून घेतली. हे कौतुक नव्हे आणि बढाईही नव्हे. ही माहिती आहे, आणि ती इतरांच्या उपयोगाची आहे. लस कोठे मिळाली, हे दुसरीला त्यातूनच कळते. सकारात्मक हा शब्द आजकाल फार सैल वापरला जातो. भिंतीवरच्या सुविचाराला सकारात्मक म्हणतात आणि खोट्या हसण्यालाही. बैठकीच्या संदर्भात त्याचा अर्थ एवढाच घ्यावा, की सुरुवात जे घडले त्यापासून व्हावी. जे घडले नाही त्याची पाळी नंतर येईल.

ती पाळी नंतर यायलाच हवी, यावर मात्र तडजोड नाही. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणापूर्वी दूरध्वनीवरून झालेल्या बैठकीत अभियंत्यांनी थंडीमुळे रबरी कड्यांना धोका असल्याचे सांगितले होते. त्यांचे म्हणणे बाजूला सारले गेले. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. वाईट बातमी ऐकून घेण्याची जागा ज्या बैठकीत नाही तिची सुरुवात कितीही प्रसन्न असली तरी ती बैठक धोकादायक आहे. जुन्या पत्रांतील कुशलाचे वाक्य निर्धोक होते ते याच कारणाने. त्यानंतर विशेष येणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते आणि वाचणाऱ्यालाही. विशेष न लिहिता कुशलावरच पत्र संपवणारा कारभारी पुण्याला विश्वासू वाटला नसता.

याहून अवघड प्रसंग वेगळाच आहे. बुंदेलखंड काय किंवा मराठवाडा काय, या पट्ट्यात पाऊस दगा देतो, पीक जाते, गटाच्या कर्जाबरोबर सूक्ष्म वित्तसंस्थेचाही हप्ता थकतो. अशा आठवड्यात फेरी एका सदस्येपाशी येते आणि तिच्याजवळ सांगण्यासारखे काहीही चांगले नसते. तिला काहीतरी छान सांग असे म्हणणे ही निष्ठुरता आहे. बाराजणींसमोर तिची अडचण उघड करायला लावणे त्याहून वाईट, कारण ती पुढच्या बैठकीला येणारच नाही, आणि गट मोडण्याची सुरुवात पुष्कळदा अशा एका रिकाम्या जागेपासून होते. म्हणून फेरीत गप्प राहण्याची मुभा असली पाहिजे. आज पुढे चला, एवढे म्हटले की फेरी पुढे सरकावी, कोणी कारण विचारू नये. सहयोगिनीने ते मनात नोंदवावे आणि बैठक संपल्यावर तिच्याबरोबर घरापर्यंत चालत जावे. हप्त्याची फेरआखणी करता येईल का, हा विषय मग पुढच्या बैठकीत रीतसर, कर्जाच्या मुद्द्याखाली येऊ शकतो. तेव्हा तो रडगाणे उरत नाही, प्रस्ताव होतो.

या संदर्भात झाशीचीच एक हकिकत आठवते. राणी लक्ष्मीबाईंच्या दिनक्रमाविषयी मराठी चरित्रपरंपरेत असे सांगितले जाते की, रोज दरबारी मंडळी मुजऱ्याला येत, आणि त्यांतील एखादा आला नाही तर दुसऱ्या दिवशी बाईसाहेब त्याला न येण्याचे कारण आवर्जून विचारीत. जून १८५७ ते एप्रिल १८५८ हा त्यांच्या कारभाराचा काळ किती धामधुमीचा होता हे सर्वश्रुत आहे. शहराला वेढा पडला तेव्हा पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे तेथेच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुजरा हा तसा निव्वळ उपचार. प्रत्येकाच्या वाट्याला क्षणभराचीच नजर येत असणार. पण ती नजर कोण आले याबरोबरच कोण आले नाही हेही टिपत होती. विचारपुशीला किती वेळ लागतो यापेक्षा विचारणाऱ्याचे लक्ष कोठे आहे, यावर तिचे मोल ठरते.

लक्ष उडाले की हाच उपचार पोकळ होतो, आणि त्याचेही पुरावे आहेत. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने शस्त्रक्रियेची तीच तपासणी सूची सर्व रुग्णालयांना सक्तीची केली. १०१ रुग्णालयांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. सूची भरली जात होती. ती मनापासून वाचली जात होती का, हा प्रश्न अनेकांनी विचारला. उत्तर प्रदेशातही, म्हणजे झाशी ज्या राज्यात आहे त्याच राज्यात, सुरक्षित प्रसूतीच्या सूचीचा मोठा प्रयोग झाला. २४ जिल्ह्यांतील १२० आरोग्य केंद्रांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये आले. मार्गदर्शक केंद्रात येऊन परिचारिकांना प्रोत्साहन देत होते तोपर्यंत आवश्यक कृती पार पाडण्याचे प्रमाण ७३ टक्क्यांच्या आसपास होते, तर इतर केंद्रांत ते सुमारे ४२ टक्के होते. पुढे, मार्गदर्शकांच्या भेटी थांबल्यावर, ते ६२ टक्क्यांच्या आसपास उतरले. माता आणि अर्भकांच्या मृत्यूंवर मात्र अपेक्षित परिणाम दिसला नाही. चांगली सवय लावणे एकवेळ सोपे. ती टिकवणे आणि तिच्यातून फळ मिळवणे ही वेगळी कामे आहेत. बैठकीच्या फेरीचे आदर्श कार्यपद्धतीत परिपत्रक काढून भागणार नाही, हे यातून स्पष्ट व्हावे. शाळेचा परिपाठ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ज्या शाळेत शिक्षक स्वतः परिपाठात रमतात तेथे मुले दिनविशेष शोधून आणतात. इतरत्र तोच परिपाठ ओळीत उभे राहण्याची शिक्षा होतो.

लांब चर्चेला विरोध असण्याचे कारण नाही. तिची जागा वेगळी असावी, एवढेच. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने हे फार पूर्वी ओळखले. सामूहिक वनहक्क मिळवण्यात अग्रेसर ठरलेल्या या गावात निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी विषयाचा खल करण्यासाठी अभ्यासगट बसतो. अभ्यासगटात वेळेचे बंधन नाही, निर्णयाचे ओझेही नाही. त्यामुळे ग्रामसभेत माणसे विषय समजून घेऊन येतात. सर्वच गावांना हे साधत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरणाऱ्या ग्रामसभांपैकी किती सभा मागील इतिवृत्तावरच्या भांडणात संपतात, हे ग्रामसेवकांना विचारावे.

राज्यघटनेतील ग्रामसभा आणि बचत गटाची पंचसूत्री यांवर उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय परीक्षेपुरताच वाटू नये, कारण तो स्वतःही बहुधा रोज एका बैठकीला बसत असतो. पुण्यातील पेठांत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात, अगदी तालुक्याच्या ग्रंथालयातही चार-सहा विद्यार्थ्यांचे अभ्यासगट असतात. सायंकाळी सहाला जमायचे आणि आठपर्यंत एखादा घटक संपवायचा असे ठरलेले असते. सुरुवात होते ती जाहिरात कधी निघणार येथून. मग पुढे ढकललेली परीक्षा, उत्तरतालिकेवरचे आक्षेप, न्यायालयातील याचिका, कोणाचे वय उलटले, कोणाच्या घरून परत ये असा निरोप आला. साडेसात वाजतात. यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि काहींची तड लागणेही आवश्यक आहे; त्यासाठी निवेदने आहेत, शिष्टमंडळे आहेत, रविवारची दुपार आहे. पण सहाला जमलेला गट त्या दिवशीचा घटक न वाचता उठला, तर उद्या सहाला जमण्याचे कारण थोडे कमी होते.

अशा गटाने एक प्रयोग करून पाहावा. जमल्यावर प्रत्येकाने एकच वाक्य सांगायचे : काल काय वाचून झाले आणि त्यातले एक काय लक्षात राहिले. जो सर्वात अलीकडे गटात आला त्याने आधी, आणि ज्याने दोन मुख्य परीक्षा दिल्या आहेत त्याने शेवटी. सहा जणांना तीन मिनिटे पुरतात. ज्याचे काहीच वाचून झाले नाही त्याने आज पुढे चला म्हणावे. शंका आणि अडचणी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवाव्यात आणि आठ वाजण्यापूर्वीची पंधरा मिनिटे त्यांना द्यावीत.

आणि निकालानंतरच्या आठवड्यात ही तीन मिनिटे अधिक लक्षपूर्वक घ्यावीत. सहापैकी पाचच जण बोलले, सहाव्याची खुर्ची तीन दिवस रिकामी आहे आणि त्याचा फोन लागत नाही, ही गोष्ट ज्या गटाच्या पहिल्या तीन मिनिटांतच ध्यानात येते, त्या गटातील कोणीतरी एक जण त्या दिवशी घटक सोडून त्याच्या खोलीवर जाईल. उरलेल्यांनी वाचन सुरू करायला हरकत नाही.